कॅराव्हॅन आणि बादलीभर कढत पाणी

महाराष्ट्र शासनाने 2018 मध्ये जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला आणि 2021 मध्ये राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. या दोन निर्णयांचा एकमेकांशी थेट संबंध नसला, तरी शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट आणि माळशेज ही ठिकाणे व शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील डिंभे धरण आणि भीमाशंकरचे रान एकमेकांपासून फार लांब नसल्यामुळे, घर बरोबर घेऊन हिंडण्याच्या हौसेला हा मुलूख चांगलाच मानवणारा आहे. कॅराव्हॅन म्हणजे झोपणे, स्वयंपाक, शौच आणि आंघोळ या चारही गोष्टींची सोय ज्यात केलेली असते असे वाहन. ते दुसऱ्या मोटारीने ओढायचे असते किंवा त्याला स्वतःचे इंजिन असते, आणि इंजिनासह असलेल्या, त्यातही आटोपशीर गाडीला सहसा कॅम्पर व्हॅन म्हटले जाते. भारतात अशा पुष्कळ गाड्या पुण्याजवळ आकुर्डीत मुख्यालय असलेल्या फोर्स मोटर्सच्या ‘ट्रॅव्हलर’च्या सांगाड्यावर बांधल्या जातात आणि त्यांच्या तपासणीसाठी एआयएस-124 हे स्वतंत्र वाहनमानकही आहे. गाडी घेताना किंवा भाड्याने ठरवताना पलंग, फ्रिज आणि छतावरचे पंखे यांची चौकशी बारकाईने होते, मात्र डिसेंबरच्या पहाटे पारा 10 अंशांच्या खाली उतरलेला असताना आंघोळीचे पाणी कशावर तापणार, हा प्रश्न बहुधा मुक्कामी पोहोचल्यावरच सुचतो.

त्याचे उत्तर युरोपातील कॅराव्हॅन व्यवसायाने फार पूर्वीच शोधले असून तेथील उपकरणे आता आपल्याकडेही मागवता येतात. परंतु ती ज्या हवेसाठी आणि ज्या आंघोळीसाठी बनली, ती हवा आणि ती आंघोळ येथे नाही. जर्मनीत हिवाळ्यात गाडीची खोली उबदार ठेवणे ही मुख्य गरज असते, पाणी त्याच उष्णतेवर जाता जाता तापते आणि ते डोक्यावरच्या फवाऱ्यातून सोडले जाते. जुन्नर-आंबेगावात खोली तापवण्याची गरज वर्षातून फारच थोड्या रात्री पडते आणि घरोघरी आंघोळ होते ती बादली-तांब्याने. उपकरणाची निवड या फरकापासून सुरू करावी लागते, आणि त्यासाठी थोडा हिशेब मांडणे भाग आहे.

एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. साध्या प्लॅस्टिकच्या बादलीत 15 लिटर पाणी धरले आणि ते 15 अंशांवरून अंगाला सोसेल अशा 40 अंशांवर न्यायचे असले, तर 375 किलोकॅलरी लागतात. विजेच्या भाषेत ही उष्णता सुमारे 0.44 युनिट होते, युनिट म्हणजे एक किलोवॅट क्षमतेचे उपकरण एक तास चालवल्यावर खर्च होणारी वीज. घरी वीजबिलात हा आकडा कोणाच्या नजरेत भरत नाही. गाडीत मात्र इंधन, बॅटरी आणि पाणी या तिन्ही गोष्टी मोजून बरोबर आणलेल्या असतात आणि 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो ओझे असते, म्हणून प्रत्येक बादली हिशेबात धरावी लागते. मिनिटाला 8 ते 10 लिटर पाणी सोडणारा फवारा पाच मिनिटे चालू ठेवला, तर एका माणसामागे 40 ते 50 लिटर, म्हणजे तीन बादल्या, खर्ची पडतात. चार माणसांच्या कुटुंबाने अशी आंघोळ केली, तर गाडीतील टाकी दुपारपूर्वीच कोरडी होते आणि ती पुन्हा भरण्यासाठी गाव गाठावे लागते.

घरातील रीत अशी असते की थोडे पाणी चांगले कढत करायचे आणि बादलीत घेतल्यावर त्यात गार पाण्याचे विसण घालायचे. या रीतीत जागा आणि वेळ दोन्ही वाचवण्याची युक्ती आहे: 85 अंशांचे 5 लिटर पाणी आणि 20 अंशांचे 10 लिटर पाणी एकत्र केले की सुमारे 42 अंशांची पूर्ण बादली तयार होते. उष्णता एकूण तेवढीच लागते, पण ती साठवण्यासाठी 15 लिटरऐवजी 5 लिटरचेच भांडे पुरते, आणि लहान भांड्याला चांगले उष्णतारोधक आवरण घालणे सोपे व स्वस्त असते. पाणी किती कढत करता येईल याला उंचीची थोडी मर्यादा पडते, कारण हवेचा दाब कमी झाला की पाणी लवकर उकळते. समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवरच्या जुन्नरात ते 98 अंशांच्या आतच उकळते आणि भीमाशंकरच्या माथ्यावर आणखी अंशभर अलीकडे. आंघोळीला त्याने काही अडत नाही. वरणाला थोडे अडते.

चाकांवर किंवा तंबूत राहून पाणी तापवण्याचा अनुभव या भागाला नवा नाही. नारायणगाव हे तमाशाचे मोठे केंद्र असून चैत्रातील जत्रांच्या सुपाऱ्या ठरवण्यासाठी तेथे फडांच्या राहुट्या लागतात. दसऱ्यापासून पुढे महिनोन्महिने हे फड कलावंत, वाद्ये, कनाती आणि भांडीकुंडी ट्रकमध्ये भरून गावोगाव जातात आणि मुक्काम पडला की तंबूमागे चूल पेटते. जुन्नरच्या विघ्नहर आणि आंबेगावच्या भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडेही अशीच येतात, उसाच्या फडाजवळ कोप्या उभारून राहतात आणि उजाडण्यापूर्वी तीन दगडांच्या चुलीवर पाणी ठेवतात. पाचट सहज मिळते, पण ते भसकन पेटून विझते, त्यामुळे खाली लाकूड लागतेच. उघड्या चुलीतील जेमतेम आठव्या हिश्शाची उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते, बाकीची वाऱ्यावर जाते; या हिशेबाने एका बादलीमागे पाऊण ते एक किलो वाळलेले लाकूड जळते.

चुलीपेक्षा पुष्कळ शहाणे साधन म्हणजे तांब्याचा बंब. त्याच्या मध्यभागी उभी नळी असते, तळाशी जाळीवर करवंट्या, काटक्या, गोवरीचे तुकडे किंवा कोळसे पेटवले जातात, धूर आणि आच त्या नळीतून वर जाते आणि नळीभोवतीचे पाणी सर्व बाजूंनी तापते. चुलीवर आच फक्त भांड्याच्या बुडाला लागते, बंबात ती पाण्याच्या पोटातून जाते, आणि तांबे हा उष्णतेचा उत्तम वाहक असल्याने ती भिंतीत अडकून राहत नाही. वरून गार पाणी ओतले की तेवढेच कढत पाणी तोटीतून बाहेर येते. परदेशी गिर्यारोहकांच्या सामानात मधून धुराडे गेलेल्या ज्या लहान किटल्या दिसतात, त्यांचे तत्त्व हेच आहे. गाडीच्या आत मात्र बंब पेटवायचा नसतो. तो बाहेर, मोकळ्या जमिनीवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला आणि उसाच्या फडापासून व वाळल्या गवतापासून दूर ठेवावा लागतो. भीमाशंकर वन्यजीव अभयारण्यात विस्तव पेटवणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली गुन्हा ठरू शकतो, तेव्हा तेथे चूल आणि बंब दोन्ही बाद होतात. उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर इतका आहे की जुन्नरजवळ माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र चालवावे लागते. पहाटेच्या अंधारात गाडीपासून लांब चुलीपाशी एकट्याने बसणे या कारणानेही टाळलेले बरे.

गॅस हे पुढचे साधन. शेगडीवर झाकण ठेवलेल्या पातेल्यात पाणी तापवणे हा सर्वांत साधा मार्ग असून एका बादलीला साधारण 60 ग्रॅम गॅस पुरतो, म्हणजे 5 किलोच्या लहान सिलिंडरवर 80च्या आसपास बादल्या निघतात. वारा असला की हा आकडा झपाट्याने घसरतो, म्हणून शेगडीभोवती आडोसा हवा, आणि गाडी हलत असताना पातेले शेगडीवर नको. गाडीतील शेगडीखाली घरगुती जोडणीचा 14.2 किलोचा सिलिंडर ठेवण्याची सवय वाईट आहे. तो नियमात बसत नाही हे एक. त्याहून महत्त्वाचे असे की हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर वर न जाता फरशीवर साचतो. सिलिंडरचा कप्पा राहत्या भागापासून बंद आणि तळाशी बाहेरच्या हवेकडे उघडा असणे, तसेच सिलिंडर उभा आणि घट्ट बांधलेला असणे, ही किमान अट समजावी.

खरा धोका गॅस गीझरमध्ये आहे, आणि याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवणारा गीझर साडेदहा किलोवॅट उष्णता पाण्याला देतो आणि तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस पूर्ण जळण्यासाठी जवळजवळ 13 घनमीटर हवा लागते. गाडीतील न्हाणीची जागा एक मीटर लांब, 80 सेंटिमीटर रुंद आणि 1.9 मीटर उंच धरली, तर तिच्यात दीड घनमीटर हवा मावते. गीझर दहा मिनिटे चालला तर त्याला दोन घनमीटरांहून अधिक हवा हवी असते. हवा पुरेनाशी झाली की ज्योत लगेच विझत नाही, ती अपुरी जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे माणसाला गुदमरल्याचे जाणवत नाही, फक्त डोके जड होते, पाय लुळे पडतात आणि कडी काढण्याचे भान राहत नाही. घरांच्या बंद न्हाणीघरांत गॅस गीझरने मृत्यू ओढवल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर हिवाळ्यात वाचायला मिळतात, आणि तेथे जागा गाडीच्या तिप्पट-चौपट तरी असते. लंडनच्या बेंजामिन मॉन याने 1868 मध्ये बनवलेल्या पहिल्या गॅस गीझरलाही धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. दीडशे वर्षांनंतर स्वस्त गीझर तीच उणीव घेऊन बंद मोरीत टांगला जावा, हे खेदजनक आहे.

युरोपातील गाड्यांत हा धोका वेगळ्या रचनेने टाळलेला असतो. जर्मनीच्या ट्रुमा या कंपनीच्या उपकरणांत ज्योत बंद कोठीत जळते, तिला लागणारी हवा गाडीच्या बाहेरून येते आणि धूरही भिंतीतील झडपेतून बाहेरच जातो, त्यामुळे आतल्या हवेशी ज्योतीचा संबंधच येत नाही. त्यांच्या एका प्रचलित उपकरणात गरम हवेची यंत्रणा आणि 10 लिटरची पाण्याची टाकी एकत्र असते. गॅसवर नळाचे कढत पाणी हवेच असेल, तर अशी बंद ज्योतीची रचनाच घ्यावी आणि तिच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा छोटा भोंगा झोपण्याच्या जागेजवळ लावावा. मात्र गरम हवेची बाजू येथे बहुतेक वर्षभर बंदच राहणार आहे, आणि तिची किंमत मोजण्यापूर्वी एवढा विचार व्हायला हवा. डिझेलवर चालणारे बंद ज्योतीचे तापकही मिळतात, त्यांना गाडीच्या टाकीतूनच इंधन मिळते. पहाटेच्या शांततेत त्यांचा आवाज, धुराचा वास आणि देखभाल पाहता ते हिमाचल किंवा लडाखकडे जाणाऱ्यांसाठी अधिक योग्य होत.

विजेविषयी अनेकांचा समज असा असतो की छतावर सौर पट्ट्या आणि खाली बॅटरी आहे, तेव्हा गीझर चालायला हवा. हिशेब तसा लागत नाही. 100 अँपिअर-तासांच्या 12 व्होल्ट लिथियम बॅटरीत सुमारे 1.28 युनिट वीज साठते. तिच्यातून एक बादली तापवली तर तिसऱ्या हिश्शाहून अधिक साठा संपतो. तेवढ्याच आकड्याची शिशाची बॅटरी असली तर ती निम्म्याखाली उतरवणे तिच्या आयुष्याला घातक असल्याने एका बादलीतच तिचा बहुतेक वापरण्याजोगा साठा जातो, आणि रात्रीचे दिवे व पंखे उरलेल्या विजेवर भागवावे लागतात. दीड किलोवॅटचा पाणी तापवण्याचा रॉड इन्व्हर्टरवर लावला, तर एका बादलीला साडेसतरा मिनिटे लागतात आणि त्या सगळ्या वेळात बॅटरीतून 130 अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढला जातो. तारा जाड नसल्या किंवा जोड सैल असले तर पाण्याआधी तारच तापते. 12 व्होल्टवर थेट चालणाऱ्या 200 वॅटच्या लहान कांडीला तेवढ्याच पाण्यासाठी दोन तासांहून अधिक वेळ लागतो, तरीही दिवसा सौर वीज वाया जात असताना ती टाकीत लावून ठेवणे शहाणपणाचे असते.

बाहेरची वीज मिळाली की चित्र बदलते. मुक्कामाच्या जागी 16 अँपिअरचा खटका, नीट अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारे आरसीसीबी हे संरक्षक उपकरण असेल, तर गाडीतील 6 किंवा 10 लिटरचा छोटा साठवणीचा गीझर अर्ध्या तासात काम उरकतो. परंतु शेतावरच्या मोटारीच्या पेटीतून लोंबती तार ओढून वीज घेण्याचा मोह टाळलाच पाहिजे. शेतीपंपांचा पुरवठा पाळ्यांनी येतो, त्यातील दाब खालीवर होतो, आणि गाडीचा पत्रा व ओली जमीन यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसाला दोष असलेला रॉड जिवावर बेतू शकतो. रॉड वापरायचाच असेल तर लोखंडी बादली नको, बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचे नाही, आणि लहान मुले आसपास असताना तो मुळीच लावायचा नाही. प्रसंगवश हेही नोंदवण्यासारखे आहे की नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, आहे आणि स्वस्त इन्व्हर्टर रेडिओ लहरींचा गोंगाट करतात. दूरच्या आकाशगंगांचे क्षीण संकेत टिपणाऱ्या त्या यंत्राच्या शेजारी गाडी लावून पाणी तापवण्यासाठी इन्व्हर्टर घरघरवत ठेवणे शोभणारे नाही.

आता ज्या मार्गाकडे आपल्याकडील गाडीबांधणीत सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि या भागातील फिरण्याला जो सर्वांत चपखल बसतो, त्याकडे वळता येईल. डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी जेमतेम तिसरा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्यापैकी मोठा भाग धुरातून जातो आणि जवळजवळ तेवढाच इंजिनाभोवती खेळणाऱ्या थंडकारक द्रवातून रेडिएटरकडे जाऊन हवेत सोडला जातो. हा द्रव चालत्या गाडीत 80 ते 90 अंशांवर असतो. त्याची एक फांदी फिरवून ती पाण्याच्या टाकीतील वेटोळ्या नळीतून नेली, तर दोन्ही द्रव एकमेकांत न मिसळता पाणी तापते. अशा टाकीला कॅलोरीफायर म्हणतात. भाकरी भाजत असताना चुलीच्या वैलावर जशी आमटी आपसूक गरम राहते, तसाच हा प्रकार आहे. पुण्याहून जुन्नर सुमारे 95 किलोमीटर आहे. ट्रॅव्हलरसारखी गाडी लिटरला 10 किलोमीटर चालते असे धरले, तर या अंतरात साडेनऊ लिटर डिझेल जळते आणि त्यातून 340 मेगाज्यूल उष्णता निर्माण होते; 20 लिटर पाणी 20 अंशांवरून 80 अंशांवर नेण्यासाठी त्यातील फक्त 5 मेगाज्यूल पुरतात. या उष्णतेसाठी वेगळे इंधन जाळावे लागत नाही.

संध्याकाळी 80 अंशांवर पोहोचलेली टाकी जाड फोमच्या आवरणात असली तर पहाटेपर्यंत 10 ते 20 अंशांनीच निवते. 65 अंशांचे 20 लिटर पाणी आणि 20 अंशांचे 25 लिटर विसण यांतून 40 अंशांचे 45 लिटर पाणी, म्हणजे तीन भरलेल्या बादल्या, मिळतात आणि कुटुंबाची आंघोळ जवळजवळ उरकते. जुन्नर-आंबेगावातील फिरणे असे असते की गाडी रोज थोडी तरी हलते: एक दिवस ओझर आणि लेण्याद्री, दुसऱ्या दिवशी नाणेघाट, तिसऱ्या दिवशी मंचर-घोडेगाव मार्गे डिंभे आणि भीमाशंकर. प्रत्येक दिवसाच्या प्रवासाने दुसऱ्या सकाळचे पाणी तयार होते. माळशेजला दोन दिवस एकाच जागी थांबायचे ठरले तर ही युक्ती निकामी होते, तेव्हा टाकीतच एक विजेची कांडी बसवून घ्यावी आणि शेगडीवरचे पातेले हा शेवटचा आधार ठेवावा. नुसते पाणी तापवण्यासाठी उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे मात्र डिझेलची आणि शेजाऱ्यांच्या झोपेची नासाडी आहे. जुन्या ट्रकांच्या रेडिएटरमध्ये साधे पाणी असे, हल्लीच्या गाड्यांत इथिलीन ग्लायकॉल मिसळलेला द्रव असतो. तो विषारी असून चवीला गोडसर लागतो, म्हणून वेटोळ्याच्या नळीला भोक पडले तर ते ताबडतोब कळले पाहिजे. वर्षातून एकदा गॅरेजमध्ये दाबाची तपासणी करून घेणे आणि टाकीतील पाणी पिण्यास किंवा भाकरीच्या आधणाला न वापरणे, हे दोन नियम पाळल्यास धोका राहत नाही.

उन्हाचे साधन या भागात ऋतूप्रमाणे कधी उदार तर कधी अगदीच निरुपयोगी ठरते. पावसाळ्यात, म्हणजे नाणेघाट आणि माळशेजकडे सर्वाधिक गर्दी असते तेव्हाच, घाटमाथ्यावर दिवसचे दिवस ढग आणि धुके उतरलेले असते. हिवाळ्यात आकाश स्वच्छ असते आणि डिसेंबरमध्येही दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे 47 अंश वर येतो. 20 लिटरची काळी पिशवी चार तास उन्हात ठेवली की पाणी साधारण 15 अंशांनी तापते. अडचण अशी की ते तयार होते दुपारी चारला आणि मराठी घराची आंघोळ असते पहाटे. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढण्यापूर्वी स्नान हवे असणाऱ्या भाविकाला दुपारच्या पाण्याचा उपयोग नाही, म्हणून ते पाणी फोमच्या टाकीत ओतून ठेवावे लागते किंवा मग किल्ल्यावरून घामाघूम होऊन उतरल्यावर वापरावे लागते. बंगल्यांच्या गच्चीवर असतात तशा काचेच्या नळ्यांचे सौर बंब गाडीच्या छतावर बसवण्याचा उद्योग करू नये. भीमाशंकरच्या वाटेवरील खड्डे त्या फार दिवस शाबूत ठेवणार नाहीत. छतावर 400 वॅटच्या सौर पट्ट्या असल्या तर चांगल्या दिवशी दीड युनिटपर्यंत वीज मिळते आणि फ्रिज-पंखे वजा जाता तिच्यातून जास्तीत जास्त दोन बादल्या तापतील.

कोणत्याही बंद टाकीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते की पाणी तापले की फुगते. 20 अंशांवरून 85 अंशांवर जाताना ते सुमारे 3 टक्क्यांनी वाढते, म्हणजे 20 लिटरच्या टाकीत अर्धा लिटरहून अधिक पाण्याला बाहेर जायला जागा हवी. त्यासाठी दाब वाढताच उघडणारी झडप असते. ती थेंबथेंब गळते म्हणून बूच मारून बंद करणारे महाभाग आढळतात, त्यांनी टाकीचा बॉम्ब तयार केलेला असतो. पाण्याच्या गुणाचाही विचार हवा. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे पाणी बऱ्यापैकी मऊ असते, तर बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते आणि त्यातील क्षारांचा पांढरा थर कांडीवर व नळीवर चढतो. या थरातून उष्णता नीट जात नसल्याने वीज अधिक जळते आणि शेवटी कांडी फुटते. महिन्या-दोन महिन्यांनी लिंबूसत्त्वाचे पाणी रात्रभर भरून ठेवले की थर सुटतो. सहल संपल्यावर टाकी रिकामी करणे हेही तितकेच महत्त्वाचे, कारण आठवडेच्या आठवडे 20 ते 45 अंशांच्या दरम्यान पडून राहिलेल्या पाण्यात लीजिओनेला जातीचे जिवाणू वाढतात आणि फवाऱ्याच्या तुषारांबरोबर फुप्फुसात जाऊन ते न्यूमोनियासारखा आजार घडवू शकतात. पाणी अधूनमधून 60 अंशांच्या वर नेले तर ते मरतात.

आंघोळीखेरीज कढत पाणी लागते ते भांड्यांना, आणि ज्या मुलखात मासवडीचा तर्रीदार रस्सा हे पाहुणचाराचे अन्न आहे तेथे ही गरज किरकोळ नाही. थंडीत तेलाचा थर पातेल्याला घट्ट धरतो, गार पाण्याने तो पसरतो मात्र सुटत नाही, आणि घासण्यात टाकीतील दुप्पट पाणी जाते. दोन लिटर कढत पाणी आधी ओतून ठेवले तर काम निम्म्यावर येते. ते सांडपाणी गाडीच्या खालच्या टाकीत साठवून गावातल्या गटाराच्या तोंडाशी किंवा शोषखड्ड्यात सोडायचे असते. माणिकडोह किंवा डिंभे धरणाच्या काठावर साबण आणि तेल वाहू देणे, किंवा शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांसारख्या कातळात खोदलेल्या टाक्यांपाशी भांडी आणि अंग धुणे, हे त्या पाण्यावर पुढे अवलंबून असलेल्यांशी गैरवर्तन होय.

राज्याच्या धोरणात कॅराव्हॅन थांबण्यासाठी खास तळ विकसित करण्याची, आणि त्यात खासगी जमीनधारकांना सामावून घेण्याची तरतूद आहे. जुन्नर तालुक्यात कृषी पर्यटन चालवणारे शेतकरी आधीपासून आहेत, आणि त्यांच्यासाठी पाणी तापवण्याचा खर्च गाडीवाल्यापेक्षा कितीतरी कमी पडतो: गच्चीवरचा सौर बंब हलत नाही, गोठ्याजवळच्या गोबरगॅसला वजनाची चिंता नाही आणि अंगणातला तांब्याचा बंब कोणाच्या झोपण्याच्या जागेत धूर करत नाही. गाडीतून आलेल्या कुटुंबाला पहाटे पाच वाजता तोटीशी दोन बादल्या कढत पाणी, पक्की फरशी असलेली न्हाणी आणि अर्थिंगसह 16 अँपिअरचा खटका एवढे दिले, तर त्यांच्या गाडीतील गीझर, इन्व्हर्टर आणि दुसरी बॅटरी यांपैकी बऱ्याच गोष्टी घरी ठेवून येता येतील. असा तळ आखताना पाणी तापवण्याची क्षमता गाड्यांच्या संख्येवर न ठरवता पहाटेच्या तासाभरात एकाच वेळी लागणाऱ्या बादल्यांवर ठरवावी लागेल. दहा गाड्यांतील 40 माणसांना माणशी 15 लिटर धरले तर 40 अंशांचे 600 लिटर पाणी हवे, आणि विसणाच्या हिशेबाने त्यासाठी 70 अंशांचे 240 लिटर पुरते.